शेंदूर

वर्तकनगरला, इमारतीखाली, खांब सहा आणि सातच्या मधे
अठ्ठ्याहत्तरची पद्मिनी लाकडी ठोकळ्यांवर.
मागची चाकं काढलेली, पाटे सोडवलेले,
यू-बोल्टना रात्रभर रॉकेल पाजलेलं.
अ‍ॅक्सल बाहेर ओढला तेव्हा
सेक्रेटरी केळुसकर बाई जिन्यातूनच म्हणाल्या,
काका, डाग पडला तर पाचशे दंड.
मी गोणपाट अंथरलं. त्यावर पेपर.
त्यावर मी.

गाडी चाळीसच्या पुढे गेली की रडायची.
हुंदके नव्हेत. एकच सूर,
शेजारच्या खोलीत कुणी
प्रार्थना विसरल्यासारखं गुणगुणत राहावं तसा.
गॅरेजवाला म्हणाला, बेअरिंग.
बेअरिंग बदललं. सूर तोच.

एकोणीस वर्षं मी वागळे इस्टेटला
क्राऊन आणि पिनियन लॅप करायचो.
दोघांना समोरासमोर बसवायचं, मधे पेस्ट सोडायची,
घासू द्यायचं एकमेकांवर, आवाज मऊ होईतो.
मग हरेश्वर भोईर इलेक्ट्रिक पेन्सिल घेऊन
दोघांवर एकच नंबर कोरायचा,
आणि तोही मराठी आकड्यांत.
मेमो मिळाला तरी मराठीतच.
म्हणायचा, देशभर गाड्यांच्या पोटात
आपली उजळणी फिरते.

हौसिंग उघडलं. जळकट, गंधकाचा वास.
चिंधीनं क्राऊनची पाठ पुसली:
४१७.
साताचं शेपूट लांब, नेहमीसारखं.
पिनियन पुसलं. त्यावर इंग्रजीत
दोनशे त्र्याऐंशी.
कुणीतरी, कुठल्यातरी गॅरेजात,
जोडी फोडली होती.

सत्त्याऐंशीच्या संपात, चौपन्नाव्या दिवशी
मी मागच्या गेटनं आत गेलो होतो.
का गेलो ते पुष्कळांना सांगितलं.
हरेश्वरला नाही.
त्यानंतर तो बाळकुमला, मी इथे,
मधे रिक्षाचे नव्वद रुपये.

क्राऊन पंचात गुंडाळून नेलं.
त्यानं चष्मा लावला. नंबरावरून अंगठा फिरवला.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
हिची जोडी कुठं हाय?

दुसऱ्या दिवशी आला
खिशात शेंदराची पुडी घेऊन.
तेलात कालवला, सात-आठ दातांना लावला,
हातानं चाक फिरवलं.
ठसा दाताच्या कडेला उमटला. एक शिम काढली.
ठसा खाली सरकला. पातळ शिम घातली.
पुन्हा पुसणं, पुन्हा शेंदूर.
वॉचमन वाकून म्हणाला, मारुती बसवताय काय?
आम्ही दोघंही हसलो नाही.
हरेश्वरनं फक्त बॅटरी त्याच्या हातात दिली,
हितं धर.

संध्याकाळी ठसा दाताच्या मध्यावर आला,
तांदळाएवढा, मग चिंचोक्याएवढा.
चाळ किती ठेवू? मी विचारलं.
पाच थाऊ.
तीन ठेवली तर सूर जाईल.
तापल्यावर फुगतात दोघं, तो म्हणाला. घट्ट बसवशील
तर दात खातील एकमेकांचे.
डायल लावून मी पाच ठेवली.

रविवारी पहाटे घोडबंदर रोडवर
चाळीस. पंचेचाळीस.
तो मागच्या सीटवर कान लावून आडवा,
बहात्तर वर्षांचा माणूस.
रडते अजून, मी म्हणालो.
थोडी.
परकी पिनियन हाय. एवढं चालायचंच.
बाळकुम नाक्याला उतरला.
दार पहिल्या झटक्यात लागलं नाही,
दुसऱ्यांदा आपटून गेला.

सोमवारी फळ्यावर नोटीस:
खांब क्रमांक सहावर लाल हातांचे ठसे.
संबंधितांनी दंड भरावा.
उठताना आधार घेतला असणार.
दोन पंजे, एक दुसऱ्यापेक्षा वीतभर वर.
मी पाचशे भरले, पावती घेतली.
वरचा पंजा माझा नाही,
ते केळुसकर बाईंना सांगितलं नाही.